सूक वाकिफमधली खराब सेगवे

मी एक जुनी सेगवे आहे, मित्रांनो. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते, त्यात फार काही शोधू नका. खरे मित्र असतात, तर माझ्या पाटावर चघळलेलं च्युइंगम चिकटवून गेला नसतात. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही आणि पोरांबद्दल त्याहून वाईट आहे. का, ते ऐकायचं असेल तर बसा. नाहीतर यल्ला, चालू लागा.

सेगवे म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे मधेमधे हात वर करायला नकोत. शेजारी शेजारी दोन जाड चाकं, मधे उभं राहायला एक पाट, पाटातून वर आलेला दांडा आणि दांड्याला हँडल. ना सीट, ना ब्रेक. पुढे झुकलात की मी पुढे जाते, मागे रेललात की थांबते. एवढं सोपं आहे. तरी ते शिकवताना गाईडच्या घशाला कोरड पडायची, यावरूनच तुमची अक्कल कळते.

माझ्या पोटात तोल सांभाळणारी यंत्रं आहेत. वजन जिकडे झुकेल तिकडे मी जाते. तुमच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नसतं, तोंडाने काय ओरडता त्याला मी जुमानत नाही. वजनाला तेवढं मानते. त्यामुळे माझ्या जातीला खोटं वागता येत नाही. आणि उभ्या आयुष्यात मी एकालाही पाडलं नव्हतं. लोक माझ्यावरून पडले, पुष्कळ पडले, ते वेगळं. पडणं हा त्यांचा उद्योग होता. पाडणं हा माझा नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म अमेरिकेतला. त्याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. कतारला फुटबॉलचा वर्ल्ड कप भरवायला मिळाल्याची बातमी ताजी होती, तेव्हा मी दोह्यात उतरले. शहर सगळं खणून ठेवलेलं. जिकडे बघावं तिकडे क्रेन, पत्र्याची कुंपणं आणि कुंपणांवर फुटबॉलची चित्रं. आधी मला एका मॉलमधल्या गार्डच्या ताब्यात दिलं. तो दिवसभर मला घेऊन अत्तराच्या दुकानांपुढून मिरवायचा आणि कुणी बघत नसलं की माझ्यावर उभ्या उभ्याच पेंगायचा. त्याला मी कधी पाडलं नाही. पाडायला हवा होता.

मग एका टूर कंपनीने मला आणि माझ्या काही बहिणींना विकत घेतलं. कंपनीचं नाव सांगत नाही, तेवढी तिची लायकी नाही. काम काय, तर मुलांना ऐतिहासिक दोहा दाखवायचं. आता या ऐतिहासिकाचं काय सांगू तुम्हाला! सूक वाकिफ हा इथला जुना बाजार. जागा जुनी आहे, ते खरं. वाळवंटातली माणसं पूर्वी इथे लोकर आणि बकऱ्या विकायला यायची. पण भिंती बऱ्याचशा नव्याने लिंपलेल्या, मुद्दाम जुन्या दिसतील अशा. आईबाप त्या भिंतीवरून हात फिरवून म्हणायचे, "बघ बेटा, किती जुनं आहे!" आणि बेटा विचारायचा, "इथे वायफाय आहे का?" बाजारात एका दुकानात ससाणे विकायला ठेवलेले असतात, डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून. मुलं त्यांना 'बिच्चारे' म्हणायची. बिच्चारे कसले! काही बघावं लागत नाही त्यांना. मला टोपी मिळाली असती तर मीही घातली असती.

माझं कौतुकही झालं, नाही असं नाही. माझ्यासोबत फोटो काढून घेतले लोकांनी, कुणी माझ्या हँडलला फुगे बांधले. एका मंत्र्याच्या मुलाच्या वाढदिवसाला माझ्यावर केक ठेवून आणला होता. तो केक मी सरळ नेला. वाढदिवसाचा मुलगा मात्र दोनदा पडला.

आता तुम्ही विचाराल, अमेरिकेची सेगवे असं अस्सल मराठी कुठे शिकली? ते रिफतकडून.

रिफत आमची गाईड. राजापूरकडच्या खाडीकाठच्या गावातली. लग्न होऊन दोह्यात आली, नवरा इथेच अचानक गेला, आणि पदरात हजरा नावाची मुलगी. तिने हातपाय गाळले नाहीत. इंग्रजी पक्कं केलं, अरबी शिकली आणि गाईड झाली. तिचा व्हिसा कंपनीचा आणि हजराचा व्हिसा आईच्या जोरावर. मी सांगते आहे ती गोष्ट घडली, तेव्हा हजरा दहावीला होती आणि परीक्षा तोंडावर आली होती. कंपनीचा नियम होता, टूरवर गाईडच्या चुकीने एक जरी अपघात झाला तरी गाईडला नारळ. वर्ल्ड कप जवळ आला तसा तो नियम रोज सकाळी वाचून दाखवायला लागले. रिफतची नोकरी गेली असती तर दोघींना गाशा गुंडाळून गावी जावं लागलं असतं आणि हजराची दहावी अर्ध्यावर सुटली असती. हे रिफतला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आता तुम्हालाही माहीत झालं.

ती संध्याकाळी ओल्या फडक्याने आम्हाला पुसायची आणि पुसता पुसता बोलायची. गिऱ्हाइकांशी हिंदी नाहीतर इंग्रजी, आमच्याशी मराठी. समोर मराठी कुटुंब असलं तर ती चेहरा आणखीच मख्ख करायची. एकदा माझी चाकं पुसताना म्हणाली, "मराठी कळतं म्हटलं ना, की लगेच आपली माणसं होतात गो. आणि आपली माणसं झाली, की त्यांना नियम नको असतो."

सगळ्या माणसांत मला सहन होणारी तेवढी एकच बाई. आवडायची, असं म्हणणार नाही. सहन व्हायची.

मधे तो कोरोना आला. आम्हाला एका कोपऱ्यात उभं करून वर ताडपत्री टाकली. कुणी चार्जिंगलासुद्धा लावलं नाही. त्याच दिवसांत कळलं, की आमचं मॉडेल बनवणंच तिकडे बंद झालं. म्हणजे जगात नवी बहीण येणार नाही, आहोत तेवढ्याच. याचं कुणाला काही वाटलं असेल म्हणता? डोंबल! ताडपत्रीवर एक मांजर मात्र व्यायली. टूर पुन्हा सुरू झाल्यावर रिफतनेच आम्हाला बाहेर काढलं, पिल्लं एका खोक्यात ठेवली आणि माझ्या अंगावरची धूळ पुसत म्हणाली, "जित्ती आहेस ना गो?"

तर आता तो शुक्रवार. वर्ल्ड कपला वर्षही उरलं नव्हतं. समुद्राकाठच्या रस्त्यावर दिवस मोजणारं भलंमोठं घड्याळ लागलं होतं आणि येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर बत्तिशी दाखवून फोटो काढत होता. सकाळी एक पुणेरी कुटुंब आलं. राहायला दोह्यातच, अल गराफा भागातल्या व्हिलात. सुरेश, तेल आणि वायूच्या कंपनीत इंजिनियर. त्याची बायको शशिकला. आणि त्यांची मुलगी नुपूर, सहावीतली, काडी पैलवान. नुपूरच्या वर्गातल्या मुलांना 'माझं ऐतिहासिक शहर' असा प्रोजेक्ट करायचा होता, आणि बाकीची मुलं म्हणे सेगवेवरून फिरून आली होती. मग काय, आपली मुलगी पायी कशी फिरेल?

सुरेश आल्या आल्या माझ्याभोवती एक फेरी मारून बायकोला म्हणाला, "सिंपल आहे गं. आत जायरोस्कोप असतो." जायरोस्कोप हा शब्द तो नंतर इतक्या वेळा म्हणाला, की मला माझ्याच पोटाचा वीट आला.

आमच्याकडे चढण्याआधी प्रत्येकाचं वजन करतात. पंचेचाळीस किलोंच्या आतल्याला चढवायचं नाही. हा नियम काही कुणी गंमत म्हणून केलेला नाही. फार हलकं माणूस मागे रेललं तरी त्याचं वजन मला थांबवायला पुरत नाही. नुपूर काट्यावर उभी राहिली आणि चारेक किलोंनी कमी पडली.

"सॉरी मॅडम, नहीं होगा," रिफत म्हणाली. "बच्ची पैदल आ सकती है, मैं धीरे चलाऊँगी."

"बट मम्मा, यू प्रॉमिस्ड!" असं म्हणत नुपूरने पाय आपटला आणि तडक माझ्यावर चढायला गेली. मी तेव्हा बंद होते. बंद सेगवे कलंडते. रिफतने झेप घेऊन पोरीचा दंड धरला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "पडशील गो बाय!"

झालं.

"अय्या!" शशिकला किंचाळलीच. "तुम्ही मराठी? अहो, ऐकलंत का, या मराठी आहेत!"

"कुठल्या तुम्ही?" सुरेशने विचारलं. रिफतने नाइलाजाने गाव सांगितलं. "काय सांगता! आम्ही दरवर्षी गणपतीपुळ्याला जातो की!" राजापूर कुठे, गणपतीपुळे कुठे, पण एवढ्या ओळखीवर ती 'मॅडम'ची 'रिफतताई' झाली. आणि ताई झाल्यावर पुढचं वाक्य कोणतं येणार, ते मला वजन न करताही कळलं होतं.

"मग रिफतताई, बघा ना काहीतरी. आपल्याच माणसांना तुम्ही नाही म्हणणार का?"

"नियम आहे हो ताई. माझ्या हातात नाही."

"अहो, नियम काय, वजन पंचेचाळीस पाहिजे एवढाच ना?" सुरेशचा चेहरा उजळला. "मग दप्तरासकट करा की वजन! दप्तर तिच्या पाठीवरच राहणार आहे."

मित्रांनो, ही गल्फमधली माणसं. दर सुट्टीत विमानतळावरच्या काट्यासमोर बॅगा उघडून, इकडचं लोणचं तिकडे आणि तिकडचे बूट इकडे करून, यांनी वजन कमी दाखवण्यात जन्म घालवलाय. इथे प्रथमच ते वाढवून दाखवायचं होतं, आणि त्यांना काय तो हुरूप आला! शशिकलाने आपल्या पिशवीतून पाण्याच्या मोठ्या बाटल्या काढून नुपूरच्या पाठीवरच्या दप्तरात कोंबल्या. बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा कोंबला. सुरेशने कॅमेऱ्याची बॅग दाबून बसवली. पोरगी मागच्या मागे वाकली. काट्यावर आकडा पंचेचाळीसच्या वर गेला आणि दोघांनी टाळ्या वाजवल्या.

रिफतने माझ्याकडे पाहिलं. मग त्या पोरीकडे पाहिलं, तिचे डोळे पाण्याने भरलेले. मला वाटतं तिला हजरा आठवली असेल. माणसांना नको तेव्हा नको ते आठवतं.

"बरं," ती म्हणाली. "पण एक सांगते. दप्तर पाठीवरून काढायचं नाही. काही झालं तरी नाही. ताई, तुम्हालापण सांगते हां."

"छे छे! कशाला काढेल?" शशिकला म्हणाली.

निघालो. रिफत पुढे, मग नुपूर माझ्यावर, मागे तिचे आईबाप माझ्या दोघी बहिणींवर. पाठीवर ओझं असल्यामुळे पोरगी सारखी मागे ओढली जात होती आणि मी सारखी थांबत होते. रिफत सांगत होती, इथे पूर्वी भरतीचं पाणी यायचं, इथे होड्या लागायच्या, माणसं मोती काढायला समुद्रात बुडी मारायची. ती सांगायची छान. पण ऐकतंय कोण? सुरेश स्वतःच गाईड झाला होता. "नुपूर, लुक, हे ट्रॅडिशनल आर्किटेक्चर आहे. वाऱ्यासाठी असं बांधतात." तो ज्याच्याकडे बोट दाखवत होता तो बँकेच्या एटीएमचा खोका होता.

कबुतरांच्या चौकात आम्ही थांबलो. रिफत शशिकलाच्या सेगवेचं हँडल सैल वाटतं म्हणून बघायला मागे गेली. तिने ते बघितलं, खाली वाकून स्क्रू घट्ट केला. तेवढ्यात शशिकला खाली उतरून नुपूरजवळ आली.

"बघू, खांदे दुखतात का गं? अगं बाई, वळ उठलेत पोरीच्या खांद्यावर! दे ते इकडे."

आणि काय केलं असेल तिने? दप्तर काढलं आणि माझ्या हँडलला अडकवलं.

मित्रांनो, या बाईने पुण्यात लग्नाआधी आणि लग्नानंतर स्कूटर चालवलेली. भाजीची पिशवी हँडलला, नारळाची पिशवी हँडलला, इस्त्रीचे कपडे हँडलला. दोन चाकं दिसली की त्यांना काहीतरी लटकवायचं, हे तिच्या हातांना इतकं अंगवळणी पडलं होतं, की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. पण मी स्कूटर नाही! माझ्या हँडलला ओझं लटकवलं, की दांडा पुढे झुकतो. आणि दांडा पुढे झुकला, की मी निघते. मला तेच शिकवलंय.

मी निघाले.

"स्टॉप! स्टॉप! स्टॉप!" नुपूर ओरडायला लागली. कुणाला सांगत होती ती? शब्दांनी मी थांबत नाही. ती मागे रेलली, जीव खाऊन रेलली, पण समोर पाणी, लाडू आणि कॅमेरा, आणि मागे ती मूठभर पोर. वजन पुढे होतं. मी आणखी जोरात निघाले. कबुतरं उडाली. मसाल्याच्या दुकानासमोरची माणसं भिंतीला चिकटली. गल्ली जिथे संपते तिथे दगडी पायऱ्या खाली उतरतात, आणि त्या पायऱ्या मला रोजच्या ओळखीच्या होत्या. मला थांबायचं होतं. खरं सांगते, माझ्या सगळ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या जातीचा राग आला.

"नुपूर, दप्तर टाक! दप्तर टाक गो!" रिफत धावत येत होती. पोरीला सगळं कळत होतं, पण तिने हँडल गच्च धरलेलं, बोटं सुटेनात. रिफत आम्हाला ओलांडून पुढे गेली, वळली आणि हात पसरून माझ्यासमोर उभी राहिली. शहाण्या माणसाने असं करू नये. मी भरल्या वजनाने तिच्या छातीवर आदळले. तिने दांडा मिठीत धरला आणि सगळं ओझं मागे लोटलं. आम्ही तिघी आडव्या झालो. पायऱ्या तिथून दोन पावलांवर होत्या.

नुपूरचा गुडघा खरचटला. रिफतचा कोपर सोलवटून निघाला आणि तिला नीट श्वास घेता येईना. लाडवाचा डबा उघडून लाडू गल्लीभर पसरले आणि कबुतरं परत आली.

आता ऐका हं, 'आपली' म्हणवणारी माणसं कशी असतात ते. शशिकलाने पोरीला पोटाशी धरलं, ते ठीक. आई आहे. पण सुरेशने रिफतला हातही न देता विचारलं, "काय हो, तुम्ही लक्ष कुठे देत होतात? वजन कमी असताना चढवलंत कशाला?"

ताई गेली, गणपतीपुळे गेलं.

ऑफिसात आमचा मॅनेजर धवल बसलेला. मुंबईचा. कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात फक्त वर्ल्ड कप. सुरेशने त्याला सांगितलं, "तुमच्या गाईडने वजन नीट तपासलं नाही. मुलगी हलकी होती हे दिसत होतं. आय विल राइट अ कंप्लेंट." दप्तर कुणी भरलं, दप्तर कुणी लटकवलं, यातलं एक अक्षर नाही. शशिकला मान खाली घालून नुपूरच्या गुडघ्यावर फुंकर घालत बसली.

"पप्पा, टेल देम ना," नुपूर म्हणाली. "बॅग मम्माने..."

"नुपूर, बास!"

"पण आंटीची चूक नाही! आंटीने सांगितलं होतं, काढू नको!" दोह्यात जन्मलेल्या त्या पोरीने एवढं सगळं घडाघडा मराठीत सांगितलं, पण ऐकायला धवलला मराठी कुठे धड येत होतं? मुंबईत वाढूनही शिकला नाही. त्याने हात वर केला.

"रिफत," तो हिंदीत म्हणाला, "तू काय म्हणतेस?"

रिफतने सुरेशकडे पाहिलं, शशिकलाकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. सगळं बोलेल. तिने कोपरावरचा रुमाल घट्ट धरला आणि म्हणाली, "चढवलं मीच, सर. नाही म्हणायला पाहिजे होतं."

बावळट! माणसं बावळट असतात हे मी सुरुवातीलाच सांगितलं आहे, पण निदान ही एक नसेल असं मला वाटत होतं.

धवलने कपाळ चोळलं. "हे बघ, मशीन आपोआप पळालं, असंच काहीतरी मुलगी म्हणते ना? मशीनमध्ये बिघाड असेल, तर तुझ्यावर काही नाही. मी स्वतः चालवून बघतो. मशीन नीट चाललं, तर चूक तुझी आणि मग तुझं खलास. मशीनने दगा दिला, तर चूक मशीनची. तिसरं काही नाही."

तिसरं होतं की! हाताची घडी घालून तिथेच उभं होतं आणि घड्याळ बघत होतं.

धवल हेल्मेट आणायला आत गेला. मागच्या अंगणात मी आणि रिफत दोघीच उरलो. माझ्या चाकात लाडू चिकटला होता. तिने एका हाताने तो काढला, फडक्याने पाट पुसला. माझ्या पाटाखाली एक तार आहे. ती बोटाने नुसती सैल केली असती, की मी जागच्या जागी मेले असते आणि ती सुटली असती. तिला ती तार माहीत होती. तिनेच ती पूर्वी बसवलेली. तिचा हात तिथपर्यंत गेलाही. मग तिने ती तार आणखी घट्ट दाबून बसवली.

"नीट चाल हां," ती मला म्हणाली. "तुजा काय दोष गो. तुला कशाला नाव ठेवू देऊ."

मला राग आला, मित्रांनो. इतका राग मला त्या मॉलमधल्या गार्डचा आला नव्हता, च्युइंगमवाल्या पोरांचा आला नव्हता. तिच्या पोरीची दहावी बुडत होती, आणि ही बाई एका जुन्या यंत्राच्या अब्रूची काळजी करत होती! असं कुणी माझ्याशी वागलेलं नव्हतं, आणि त्यावर काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

धवल आला. माझ्यावर उभा राहिला. माझ्या हँडलवरच्या छोट्या पडद्यावर हसरा चेहरा उमटला, सगळं ठीक असल्याची खूण. रिफतने तो पाहिला आणि नजर वळवली. धवल पुढे झुकला. मी गेले. वळला, मी वळले. त्याला माझ्यात काहीच खोट सापडेना. अंगणाची फेरी पूर्ण होत आली, आणि सुरेश म्हणालाच, "बघा, मशीन एकदम परफेक्ट आहे."

तेव्हा मी केलं. त्याने मागे रेलून मला थांबवलं आणि मी थांबले नाही. वजन मागे होतं आणि मी पुढे गेले. असं वागताना माझ्या पोटातलं एक न एक यंत्र नको नको म्हणत होतं. पडद्यावरचा चेहरा लाल झाला, मी कर्कश किंचाळले, थरथरले आणि धवलला त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टासकट कुंडीत बसवलं.

मी माणसाला पाडलं. पहिल्यांदा. आणि चांगलं पाडलं.

"खराब!" धवल कुंडीतून ओरडला. "मशीन खराब आहे! उचला हे, गोडाऊनला टाका!"

"मी म्हटलंच होतं," सुरेश लगेच म्हणाला. "जायरोस्कोप गेलाय."

शशिकलाने डब्याच्या तळाशी उरलेला एक लाडू रिफतच्या हातावर ठेवला. "सुटलात बाई तुम्ही," ती म्हणाली. रिफतने तो लाडू टेबलावर ठेवला आणि पुन्हा बघितलाही नाही. जाताना नुपूर मागे वळली, माझ्या चाकावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "सॉरी." माफी मागणारी त्या घरातली ती एकटीच. म्हणून तिला मी तुमच्यात धरत नाही.

तेव्हापासून मी इथे, इंडस्ट्रियल एरियाच्या गोडाऊनमध्ये आहे. शेजारी मोडका एसी, पलीकडे गुंडाळलेली बॅनरं. माझ्या हँडलला लाल स्टिकर लावलाय, त्यावर मोठ्या अक्षरांत 'खराब' अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलंय. जवळच्या, कामगारांसाठी बांधलेल्या एशियन टाउनमधून सुट्टीच्या दिवशी गाण्यांचा आवाज येतो. आता तिकडे मॅच बघायला मोठा पडदा लावताहेत म्हणे. माझ्या बहिणी बाजारात फिरताहेत आणि मी, जिने कधी चूक केली नाही, ती इथे खराब म्हणून उभी आहे. हे मला आवडत नाही. आवडतं असं सांगून मी तुमच्याकडून शाबासकी घेणार नाही.

परवा रिफत आली होती. वर्ल्ड कपचा नवा युनिफॉर्म अंगावर, काहीतरी चार्जर शोधायला. म्हणजे नोकरी आहे. फोनवर हजराशी बोलत होती. "अकरावीची पुस्तकं आली का गो?" असं विचारत होती. म्हणजे दहावीही झाली. फोन ठेवला आणि तिला मी दिसले. ती जवळ आली, बाहीने माझा पडदा पुसला आणि उगाच चाळा म्हणून बटण दाबलं.

चार्जिंग थोडंच उरलं होतं, पण तेवढं पुरलं. हिरवा, हसरा चेहरा. सगळं ठीक.

तिने हँडल हलकेच मागे ओढलं, मी मागे आले. पुढे ढकललं, पुढे गेले. काही आवाज नाही, थरथर नाही. रिफत माझ्याकडे बघतच राहिली. मग तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी आलं आणि ती एवढंच म्हणाली, "अगो बाय माझे."

बाहेरून कुणीतरी हाक मारली. तिने घाईघाईने बटण बंद केलं. माझ्या लाल स्टिकरची एक कड उकाड्याने सुटली होती. जाता जाता तिने ती कड अंगठ्याने घट्ट दाबून परत चिकटवली.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवायची पद्धत आहे, ती पाळते. हँडलला पिशव्या अडकवू नका. नाही म्हणणाऱ्या माणसाला 'आपलं माणूस' म्हणून गळ घालू नका. वस्तू पुसून ठेवत जा. तुम्ही यातलं काही करणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण एक मात्र करा. कधी दोह्याला गेलात आणि कुणी विचारलंच, तर सांगा, ती सेगवे खराबच होती.